संशोधनाची बातमी आणि तिचे माप

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात शास्त्रीय विषयांना जागा होती, ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक १९२८ पासून केवळ विज्ञानाला वाहिलेले आहे, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने व्याख्याने, पुस्तके व पत्रिका यांच्या द्वारे हे काम गावोगावी नेले. मात्र या परंपरेचा मोठा भाग प्रस्थापित ज्ञान समजावून सांगण्याचा आहे. ग्रहण का लागते, लस कशी काम करते, भूकंप कशाने होतो, या प्रश्नांची उत्तरे अनेक पिढ्यांच्या तपासणीतून गेलेली असतात, आणि ती सांगणाऱ्याला केवळ सोपेपणाची काळजी घ्यावी लागते. ताजे संशोधन सांगणे हे त्याहून निराळे काम आहे. तेथे निष्कर्ष अजून ओला असतो, त्यावर इतर शास्त्रज्ञांचे हात फिरायचे असतात, आणि तो उद्या अधिक पक्का होईल, बदलेल किंवा मागेही घेतला जाईल.

म्हणून भारतातील प्रयोगशाळा, वेधशाळा आणि रुग्णालये यांतून येणारे नवे संशोधन मराठी वाचकांसमोर मांडू इच्छिणाऱ्या शिक्षकाने, वार्ताहराने किंवा विज्ञान मंडळाच्या कार्यकर्त्याने निष्कर्षाबरोबर त्याचे मापही वाचकाच्या हाती द्यावे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. माप म्हणजे तीन साध्या प्रश्नांची उत्तरे : परिणाम किती मोठा आहे, तो किती खात्रीचा आहे आणि तो कोठे लागू होतो. गेल्या काही वर्षांतील भारतीय संशोधनाची ठळक उदाहरणे घेऊन हे काम प्रत्यक्षात कसे करावे, याचा विचार पुढे केला आहे.

मूळ शोधनिबंधापर्यंत जाणे

संशोधनाची बातमी वाचकापर्यंत येईतो तिचे तीन-चार अवतार झालेले असतात. शास्त्रज्ञ प्रथम शोधनिबंध लिहितात. संशोधनपत्रिका तो त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवते आणि त्यांच्या आक्षेपांना उत्तरे मिळाल्यावर छापते. संस्था त्यावरून प्रसिद्धिपत्रक काढते. वृत्तसंस्था पत्रकाचा संक्षेप करते, आणि मराठी मजकूर पुष्कळदा या संक्षेपाच्या अनुवादातून तयार होतो. प्रत्येक टप्प्यावर एखादे ‘कदाचित’ गळते आणि एखादे विशेषण चिकटते. लेखकाने शक्य तेव्हा या साखळीच्या पहिल्या कडीपर्यंत जावे.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचण्याची गरज नसते. आरंभीचा सारांश, मधल्या आकृत्या व कोष्टके आणि शेवटच्या चर्चेत लेखकांनीच नोंदवलेल्या मर्यादा या क्रमाने तो वाचला, तर विषयात पारंगत नसलेल्या वाचकालाही त्याचा गाभा पुष्कळसा उमगतो. पद्धतीचा भाग त्यानंतर, काय मोजले व कसे मोजले एवढ्याच प्रश्नासाठी वाचावा. पूर्वी अनेक परदेशी पत्रिका महाग असल्यामुळे हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी अवघड होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून, तिच्यामुळे सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना सुमारे १३,००० पत्रिका वाचता येतात. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिका तर कोणालाही विनामूल्य उघडता येतात. निबंधावर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर नेमका प्रश्न विचारणारे लहान पत्र पाठवणे हाही एक उत्तम मार्ग आहे. ‘आपल्या संशोधनाविषयी सांगा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘दुसऱ्या कोष्टकातील आकडा दर हजारी आहे की दर लाखी’ असे विचारावे, कारण नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. तज्ज्ञ-परीक्षण होण्याआधीच शास्त्रज्ञ आपला निबंध सार्वजनिक संग्रहात ठेवतात, त्याला प्रीप्रिंट म्हणतात. त्यामुळे संशोधनाला वेग येतो, पण त्यातील दावा अद्याप चाळणीतून गेलेला नसतो. जुलै २०१८ मध्ये बंगळूरूहून आलेल्या अशाच एका प्रीप्रिंटमध्ये सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म रचनेत उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास अतिसंवाहकता, म्हणजे विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होण्याची अवस्था, आढळल्याचा दावा होता. जगभर त्याची चर्चा सुरू असतानाच परदेशातील एका भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, निबंधातील दोन वेगवेगळ्या मोजणींच्या आलेखांत यदृच्छ मानला जाणारा ‘गोंगाट’ अगदी एकसारखा उमटलेला आहे. असे प्रश्न उपस्थित होणे हा विज्ञानाचा नित्यक्रम आहे. पण त्या अवस्थेतील दाव्याला ‘भारतीय शास्त्रज्ञांचा क्रांतिकारी शोध’ असे म्हणणाऱ्या लेखकाला नंतर सारवासारव करावी लागते. प्रीप्रिंटवर लिहायचेच झाले, तर त्याचे परीक्षण व्हायचे आहे हे पहिल्या परिच्छेदातच सांगावे. शेवटच्या ओळीत सांगितलेली सावधगिरी वाचकापर्यंत पोहोचत नाही.

‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर

सामान्य वाचकाला पद्धतीत रस नसतो, त्याला फक्त निष्कर्ष हवा असतो, ही समजूत चुकीची आहे. जाणत्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न ‘कशावरून?’ हाच येतो, आणि त्याचे उत्तर मिळाले की निष्कर्ष स्मरणातही राहतो.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा तर्ककुतर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासून हा रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. आर्किया हा जीवाणूंसारखा दिसणारा, परंतु त्यांच्यापासून वेगळा असा एकपेशीय जीवांचा गट असून, त्यातील ‘हॅलो’ म्हणजे खारटपणा मानवणारे प्रकार अतिशय खाऱ्या पाण्यात वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. एवढे सांगून थांबणारा मजकूर माहिती देतो. पण संस्थेत नमुने स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा नितळ झाले, हे त्यात सांगितले तर वाचकाला पुरावाच मिळतो. रंग पाण्यात विरघळलेला असता तर तो असा खाली बसला नसता, हे अनुमान मग वाचक स्वतःच काढतो. प्रत्येक संशोधनात असा एखादा कळीचा प्रयोग किंवा निरीक्षण असते, आणि ते शोधून काढणे हे लेखकाच्या पूर्वतयारीतील सर्वांत मोलाचे काम होय.

जेथे पद्धत अवघड असते तेथे दृष्टान्ताचा आधार घ्यावा लागतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे. तिच्या साहाय्याने राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायूचे वस्तुमान मोजले, आणि तो निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आणि हायड्रोजन हे तारे घडवण्याचे कच्चे द्रव्य. एवढ्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा रेडिओ संकेत या दुर्बिणीलाही ऐकू न येण्याइतका क्षीण होता. म्हणून संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवले. पालखीच्या गजबजाटात दूरवरच्या एका वारकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही, पण हजारो टाळ एका ठेक्यावर पडले तर त्यांचा नाद गोंगाटावर चढतो, असे म्हटले की युक्ती ध्यानात येते. दृष्टान्त येथेच सोडून न देता थोडा पुढे न्यावा : ठेका जुळवायचा तर प्रत्येक टाळ कोणत्या क्षणी वाजला हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ही माहिती, म्हणजे प्रत्येक दीर्घिकेचे नेमके अंतर, अमेरिकेतील ‘डीप-२’ या जुन्या सर्वेक्षणातून मिळाली होती. शेवटी दृष्टान्ताची मर्यादाही सांगावी. हजार टाळांच्या नादावरून एका टाळाविषयी काही सांगता येत नाही, तसेच या मोजमापातून मिळालेले वस्तुमान सरासरीचे आहे, एखाद्या विशिष्ट दीर्घिकेचे नाही. तो वायूचा साठा तेव्हाच्या वेगाने तारे घडत राहिले असते तर एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता, हा निष्कर्षही सरासरीचाच आहे, आणि विश्वातील ताऱ्यांची निर्मिती पुढे का मंदावली, याचे एक संभाव्य कारण त्यातून पुढे येते.

आकड्याला पाया देणे

आरोग्यविषयक संशोधनात माप चुकले तर नुकसान केवळ ज्ञानाचे होत नाही. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध झालेली ‘रेशन्स’ ही क्षेत्रीय चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांना पुरेसा आहार मिळाला तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण कमी होते का, हा तिचा प्रश्न होता. सर्व रुग्णांना औषधोपचाराबरोबर शिधा दिला गेला. कुटुंबीयांच्या बाबतीत मात्र दोन गट पाडण्यात आले. एका गटातील कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या मिळाल्या, तर तुलनेसाठी ठेवलेल्या, म्हणजे नियंत्रण गटातील कुटुंबीयांना त्या मिळाल्या नाहीत. कोणता भाग कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यदृच्छ पद्धतीने ठरवले गेले, त्यामुळे एका गटात मुळातच सुस्थितीतील माणसे जास्त आल्याने फरक दिसला, अशी शंका घेण्यास फारशी जागा राहत नाही.

या चाचणीचा सर्वांत प्रसिद्ध आकडा म्हणजे शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आकडा खरा आहे, पण एकटा सांगितला तर तो वाचकाला फसवू शकतो, कारण शंभर माणसांपैकी ३९ जण क्षयापासून वाचले असा त्याचा अर्थ सहज लावला जातो. पाया सांगितला की चित्र स्पष्ट होते. नियंत्रण गटातील ४,७१२ कुटुंबीयांपैकी १२२ जणांना, म्हणजे हजारात सुमारे २६ जणांना, क्षय झाला; शिधा मिळालेल्या ५,६०२ जणांपैकी ९६ जणांना, म्हणजे हजारात सुमारे १७ जणांना झाला. हजारात नऊ जण वाचले, किंवा संशोधकांच्याच हिशेबाने एका माणसाचा क्षय टाळण्यासाठी सुमारे १११ कुटुंबीयांना, म्हणजे ३० कुटुंबांना, शिधा द्यावा लागला. ३९ टक्के हे सापेक्ष प्रमाण, म्हणजे एका गटाची दुसऱ्याशी तुलना, आणि तीही काळ व इतर घटक जमेस धरून केलेली; हजारात नऊ हे निरपेक्ष प्रमाण, म्हणजे प्रत्यक्षात पडलेला फरक. दोन्ही आकडे एकत्र द्यावेत, आणि वाचकाला टक्केवारीपेक्षा ‘हजारात इतके’ ही भाषा सहज कळते, हे ध्यानात ठेवावे.

निरपेक्ष आकडा छोटा दिसतो म्हणून संशोधनाचे मोल कमी होत नाही. तांदूळ व डाळ यांसारख्या साध्या वस्तूंनी एका प्राणघातक संसर्गजन्य रोगाला आळा बसतो, हे काटेकोर चाचणीने दाखवणे ही मोठीच गोष्ट आहे. त्याच प्रकल्पात असेही दिसले की, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. मात्र येथे शब्द जपून वापरावा लागतो. वजनवाढीसाठी रुग्णांचे यदृच्छ गट पाडलेले नव्हते, त्यामुळे वजनवाढ आणि जगणे यांचा संबंध आढळला, असे म्हणता येते. वजनवाढीनेच सर्व रुग्ण वाचले, असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांचा आजार मुळात सौम्य होता त्यांचेच वजन लवकर वाढले असणेही शक्य आहे. ‘संबंध आढळणे’ आणि ‘कारण ठरणे’ यांतील हे अंतर मराठीत अगदी स्वच्छ सांगता येते; त्यासाठी फक्त ‘मुळे’ हा प्रत्यय लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते.

लागू होण्याचा प्रश्नही येथेच विचारावा. ही चाचणी कुपोषण आणि दारिद्र्य मोठ्या प्रमाणावर असलेल्या भागात झाली. नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोली येथील परिस्थितीशी तिचे साम्य असल्याने तेथील आरोग्यसेवकांनी तिचा विचार करणे सयुक्तिक आहे. परंतु सुस्थितीतील शहरी कुटुंबात अधिक खाल्ल्याने तेवढाच लाभ होईल, असा अर्थ तिच्यातून निघत नाही. आहार औषधाची जागा घेतो असा अर्थ तर मुळीच निघत नाही, आणि असा गैरसमज होण्याची थोडीही शक्यता दिसली तर तो नाकारणारे वाक्य लेखकाने स्वतःहून लिहावे. वाचकाचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा असतो, म्हणून क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे, यासारखी उपयुक्त माहितीही जोडावी.

उपचारांविषयीच्या मजकुरात ‘बरे झाले’ या शब्दांचा मोह विशेष टाळावा. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या कार-टी पेशी उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी शरीराबाहेर काढून त्यांच्यात जनुकीय बदल केला जातो आणि कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची क्षमता देऊन त्या परत सोडल्या जातात. या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली आणि ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत परिणाम तपासता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. ‘प्रतिसाद’ या शब्दाला वैद्यकात ठरलेला अर्थ आहे : रोगाची लक्षणे व पेशी पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी कमी होणे. त्यानंतर रोग उलटू शकतो. शिवाय हा उपचार बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्तकर्करोगांसाठी, आणि तोही इतर उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा पुन्हा उलटलेल्या रोगासाठी आहे. ‘कर्करोगावर स्वदेशी रामबाण उपाय’ असा मथळा वाचून स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करू लागले, तर त्याची जबाबदारी मथळा देणाऱ्यावर येते.

खात्रीच्या पायऱ्या

विज्ञानात ‘शक्यता दिसते’, ‘पुरावा मिळाला’ आणि ‘शोध लागला’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, पण दैनंदिन मराठीत तिन्हींसाठी ‘शोध लागला’ हाच शब्दप्रयोग होतो. २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक गटांनी एकाच वेळी अतिमंद गुरुत्वीय लहरींविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत युरोपीय गटाबरोबर काम करणारा आणि जपानी शास्त्रज्ञांचाही सहभाग असलेला भारतीय स्पंदक कालमापन गट होता. स्पंदक म्हणजे अतिशय घन, वेगाने फिरणारा मृत तारा, ज्याच्याकडून रेडिओ ठोके घड्याळासारख्या नियमितपणे पृथ्वीवर येतात. प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना अवकाशात ज्या लहरी उठतात, त्यांच्या एकेका आंदोलनाला काही वर्षे लागतात, आणि त्यांच्यामुळे या ठोक्यांच्या आगमनात अत्यल्प फरक पडतो. असा फरक एका स्पंदकात दिसला तर त्याची कारणे अनेक असू शकतात; म्हणून आकाशात विखुरलेल्या २५ स्पंदकांच्या फरकांत परस्परांशी ठरावीक नाते आहे का, हे सुमारे २५ वर्षांच्या नोंदींवरून तपासले गेले. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीचा त्यातील वाटा साडेतीन वर्षांच्या नोंदींचा होता, परंतु कमी वारंवारतेवरील तिच्या नोंदींमुळे ताऱ्यांमधील विद्युतभारित वायूने ठोक्यांना लावलेला उशीर अचूक वजा करता आला, आणि हे योगदान कालावधीच्या मानाने बरेच मोठे ठरते.

संशोधकांनी आपल्या निष्कर्षाला ‘पुरावा’ म्हटले, ‘शोध’ म्हटले नाही. असा नमुना केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने हजारात सुमारे एक होती. ऐकायला ती फार कमी वाटते, पण भौतिकशास्त्रात शोध जाहीर करण्यासाठी ती सुमारे ३५ लाखांत एक एवढी खाली यावी लागते, आणि हा दंडक ‘पाच सिग्मा’ या नावाने ओळखला जातो. लेखकाने हे अंतर आकड्यांनिशी सांगावे. त्याने बातमी फिकी पडत नाही. उलट पुढील काही वर्षांत नोंदी वाढत जातील तसे काय घडणार आहे याची उत्सुकता निर्माण होते, आणि अंतिम निष्कर्ष आला की तो समजून घेण्याची वाचकाची तयारी झालेली असते.

स्थळ, शब्द आणि श्रेय

अचूकतेची परीक्षा पुष्कळदा अगदी साध्या शब्दांत होते. चांद्रयान-३ चे अवतरक ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर’ उतरले, असे सर्वत्र छापले गेले. प्रत्यक्षात ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून ६०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर उतरले. तोवर कोणत्याही देशाचे यान ध्रुवाच्या इतक्या जवळ सुरक्षित उतरले नव्हते, ही कामगिरी पुरेशी मोठी आहे. तिला फुगवण्याची गरज नाही. अक्षांश नीट सांगितला तरच त्या मोहिमेचे खरे विज्ञान उलगडते. ‘प्रज्ञान’ या बग्गीवरील उपकरणाने सुमारे १०३ मीटरांच्या वाटेवर २३ ठिकाणी मातीची घटकद्रव्ये मोजली, आणि चंद्राचे कवच एके काळी वितळलेल्या शिलारसाच्या महासागरातून घडले, या गृहीतकाला त्यातून दुजोरा मिळाला. हे गृहीतक आधी प्रामुख्याने विषुववृत्ताच्या आणि मध्य अक्षांशांच्या पट्ट्यातील नमुन्यांवर उभे होते, म्हणून उच्च अक्षांशावरून आलेल्या दुजोऱ्याला विशेष किंमत आहे.

अवतरकावरील ‘चास्टे’ या उपकरणाने मातीत शिरून मोजलेल्या तापमानाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सूर्याकडे सुमारे सहा अंशांनी कललेल्या जागेवर दिवसाचे तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तर जेमतेम एक मीटर दूरच्या सपाट जागेवर ते ५९ अंशांच्या आसपास होते. हिवाळ्यात घराची दक्षिणेकडची भिंत उत्तरेकडच्या भिंतीहून जास्त तापते, हा अनुभव महाराष्ट्रातील प्रत्येक वाचकाला असल्याने उताराचा हा परिणाम त्याला परका वाटत नाही. यावरून सूर्यापासून विरुद्ध दिशेला पुरेशा उताराच्या जागी पृष्ठभागाखाली बर्फ टिकून राहू शकेल, असे अनुमान संशोधक काढतात. ‘चंद्रावर बर्फ सापडला’ असे त्यांनी म्हटलेले नाही.

परिभाषेबाबत दोन टोके टाळावीत. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतील ‘दीर्घिका’, ‘कृष्णविवर’, ‘रंगद्रव्य’ यांसारखे रुळलेले शब्द निःसंकोच वापरावेत. पण जेथे ‘लस’, ‘प्रोटीन’ किंवा ‘सेन्सर’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे तेथे कोशातील अनोळखी संस्कृत शब्द लादू नये. नवा शब्द प्रथम येतो तेथेच एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा आणि नंतर लेखभर तोच शब्द कायम ठेवावा, कारण शैलीच्या वैविध्यासाठी एकाच वस्तूला तीन नावे दिली तर वाचक तीन वस्तू समजतो. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांना ‘कातळशिल्पे’ हा शब्द किती चपखल बसला हे पाहिले, की चांगली परिभाषा लोकांच्या बोलीतल्या शब्दांतूनही घडते हे पटते.

श्रेय देताना राष्ट्राभिमान आणि वस्तुस्थिती यांची सांगड घालावी लागते. दुर्बीण भारतीय, निबंधाचे लेखक भारतीय, पण दीर्घिकांची अंतरे अमेरिकी सर्वेक्षणातून मिळालेली. संकेत स्पंदकांचे, पण नोंदी युरोप, भारत आणि जपान यांच्या संयुक्त श्रमाच्या : आजचे संशोधन असेच होते. कोणत्या टप्प्यावर कोणाचा हात होता हे स्पष्ट लिहिल्याने भारतीय शास्त्रज्ञांचा मान कमी होत नाही, त्यांनी नेमके काय केले हे उलट ठळक होते. ‘जगात पहिल्यांदाच’ हे शब्द तर मूळ निबंधात त्याच अर्थाने आढळल्याशिवाय वापरूच नयेत.

छापण्यापूर्वी आणि छापल्यानंतर

मजकूर पूर्ण झाल्यावर तो दोन वाचकांना दाखवावा. एक त्या विषयाचा जाणकार असावा, जो चूक दाखवील. दुसरा विषयाशी अपरिचित असावा, आणि त्याला लेख न पाहता त्यातील गोष्ट पुन्हा सांगायला लावावी. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीत ‘हजारात नऊ’ऐवजी ‘३९ जण वाचले’ असे आले, तर दोष त्याच्या समजुतीत नसून लेखाच्या मांडणीत आहे असे समजावे आणि तो परिच्छेद पुन्हा लिहावा. मथळा बहुधा दुसऱ्याच्या हातून दिला जातो, म्हणून लेखकाने स्वतः दोन-तीन पर्यायी मथळे सोबत पाठवावेत. अचूक मथळा हाती असेल तर भडक मथळा देण्याचे कारण उरत नाही.

संशोधन पुढे सरकते, म्हणून लिहिलेल्या प्रत्येक विषयाची नोंद ठेवून वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा तपासावा. निष्कर्ष पक्का झाला असेल तर तसे सांगावे, तो डळमळला असेल किंवा निबंध मागे घेतला गेला असेल तर तेही तितक्याच ठळकपणे आणि शक्यतो त्याच जागी सांगावे. स्वतःच्या लेखातील चूक आढळल्यास ती दुरुस्त केल्याचे लपवू नये, कारण विज्ञान स्वतःच्या चुका दुरुस्त करत पुढे जाते हे वाचकाला शिकवण्याचा याहून चांगला धडा नाही.

मराठीत विज्ञानलेखन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातील किंवा जवळच्या एका संशोधनसंस्थेचे काम निवडावे, तिचा एखादा ताजा निबंध मुळातून वाचावा आणि ‘किती’, ‘कशावरून’ व ‘कोठे’ या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा हजार शब्दांचा लेख लिहून पाहावा. त्यातील एखाद्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ते मिळेपर्यंत लेख थांबवून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.